जीर्णोद्धाराआधी तासभर

मे महिन्यात चाकरमानी कोकणातल्या गावात आले की देवळात बैठक बसते आणि विषय बहुतेक एकच असतो. भिंती ओल धरतात, कौले गळतात, एका खांबाला वाळवी लागली आहे, शेजारच्या गावाने स्लॅब घातला, मग आपण कधी? वर्गणी ठरते, कुणाच्या तरी ओळखीचा ठेकेदार येऊन मापे घेऊन जातो आणि पुढच्या शिमग्याला पालखी नव्या ग्रॅनाइटवर बसते. सगळेच जीर्णोद्धार वाईट असतात असे अजिबात नाही. पण उतरवण्याआधी तासभर देऊळ नीट पाहिले, तर पुष्कळदा कळते की दुखणे जुन्या बांधकामाचे नाहीच, गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या डागडुजीचे आहे.

सोबत एवढेच घ्या: टॉर्च, एक लोखंडी खिळा, टेप, पाण्याची बाटली, मऊ केसांचा ब्रश आणि मोबाइल. वेळ सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरची. तिरप्या उन्हात भिंतीवरचे जे दिसते ते दुपारी बारा वाजता दिसत नाही.

आत जाण्यापूर्वी दोन शब्द बाजूला ठेवावेत. एक ‘हेमाडपंती’ आणि दुसरा ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’. हेमाद्री हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांचा मंत्री. काळ्या दगडाचे आणि जुने दिसणारे प्रत्येक देऊळ त्याच्या नावावर घालायची आपल्याला सवय आहे. एकदा ‘हेमाडपंती’ म्हटले की पुढे कोणी बघतच नाही, हा त्या शब्दाचा खरा तोटा.

कसबा संगमेश्वरचे कर्णेश्वर मंदिर पाहिले असेल तर तिथला काळा दगड आठवा. खांब, छत, द्वारशाखा, सगळीकडे बारीक कोरीवकाम. तसे काम बेसॉल्टमध्येच होते. कोकणातला रोजचा दगड म्हणजे जांभा, आणि जांभ्यात बोटाएवढी मूर्तीही धड कोरता येत नाही, कारण तो आतून सच्छिद्र असतो आणि कड धरत नाही. सड्यांवरची, म्हणजे कोकणातल्या खडकाळ पठारांवरची, कातळशिल्पे पाहा. जांभ्याच्या कातळावर हत्ती, मासे, माणसे सगळे आहे, पण आहे ते मुख्यतः रेषेत. त्यामुळे सतराव्या-अठराव्या शतकानंतरच्या कोकणी देवळात भिंतीचा दगड साधा ठेवला आणि सगळे कसब गेले लाकडात, चुन्यात आणि रंगात. जीर्णोद्धारात सर्वांत आधी हीच तीन कामे उखडली जातात. दगड जातो तेव्हा निदान कोणीतरी हळहळते. चुना जातो तेव्हा त्याला ‘पोपडे काढले’ म्हणतात.

आता भिंतीकडे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने तासता येतो. उघड्यावर वाळला की त्यातली लोहद्रव्ये घट्ट होतात आणि चिरा, म्हणजे तासलेला ठोकळा, कडक बनतो. ओला जांभा मात्र सुक्या जांभ्याच्या मानाने कमजोरच राहतो, आणि जिथे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाणी पडते तिथे सगळा खेळ एवढाच: भिंतीत शिरलेले पाणी पुन्हा बाहेर पडते की नाही.

चिऱ्यावर भोके दिसली म्हणून घाबरू नका. जांभ्यात पांढरट-पिवळ्या मातीचे कप्पे असतात, माती धुऊन गेली की मधाच्या पोळ्यासारखी जाळी उरते. ती मूळचीच. अंगठा दाबून फिरवा. हाताला काही लागले नाही तर चिरा धड आहे. लाल पीठ हाताला आले तर तो चिरा झिजतो आहे. आणि हे पीठ कुठे येते ते टेपने मोजा. जमिनीपासून दोन-तीन फुटांच्या पट्ट्यातच येत असेल आणि पट्ट्याच्या वरच्या काठावर पांढरा लोणा, म्हणजे क्षार, फुललेला असेल, तर पाणी खालून चढते आहे. छपराचा दोष नाही, कौले बदलून काही होणार नाही. वरून खाली ओघळ आलेले असतील तर मात्र वर बघा: वळचण, पन्हळ, शिखराचा आणि छपराचा सांधा.

खालून पाणी का चढते? जुने जोते उंच असे, भोवतालची जमीन उतरती असे आणि आत शेणाने सारवलेली जमीन. ती जमीन स्वतःच ओल सोडायची. आता आत चकचकीत लादी आणि बाहेर जोत्याला चिकटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट. जमिनीखालच्या ओलीला उडून जायची वाट राहिली फक्त भिंतीची. त्यात अंगणाची पातळी दर दुरुस्तीला चार-सहा इंच वाढत जाते. जोत्याच्या पायऱ्या मोजा: जुन्या फोटोत पाच असतील आणि आज चार दिसत असतील तर एक पायरी गाडली गेली आहे. पागोळ्यांचे पाणी आता जोत्यावर नाही, थेट भिंतीवर उडते. यावरचा उपाय स्वस्त आहे. भिंतीपासून दीड-दोन फुटांचा पट्टा उखडायचा, पातळी मूळच्या जोत्याखाली न्यायची, गटार उतरते काढायचे आणि त्यात खडी भरायची. ठेकेदाराला यात फारसे मिळत नाही, म्हणून तो सुचवत नाही.

मग गिलावा. खिळ्याने कोपऱ्यातल्या, नजरेआडच्या जागी ओरखडा काढा. चुन्यात खिळा सहज रुततो आणि पांढरी भुकटी पडते. सिमेंटवर नुसती राखाडी रेघ उमटते. बाटलीतले थोडे पाणी भिंतीवर ओता: चुन्याची भिंत ते पिते, ऑइल पेंटवरून ते थेंब होऊन खाली घरंगळते. बोटाच्या पेराने ठोका: बद्द आवाज आला तर गिलावा दगडापासून सुटला आहे. कोणी व्हिनेगर टाकून बघा म्हणाले तर ऐकू नका, फेस चुन्यालाही येतो आणि सिमेंटलाही.

सिमेंटचा गिलावा जांभ्याला का मारतो, हे एकदा समजून घेतलेले बरे. जुन्या भिंती बहुधा दोन बाजूंना चिरे आणि मध्ये मातीचा भराव अशा असतात. उन्हापावसात ही भिंत किंचित हलते. चुना तिच्याबरोबर हलतो. सिमेंट कडक, ते तडकते. केसाएवढ्या फटीतून पाऊस आत जातो, पण सिमेंटच्या सालीतून परत बाहेर येऊ शकत नाही. क्षार सालीच्या मागे साचतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते चिऱ्याचे तोंड फोडतात. भरावातली माती धुऊन जाते. बाहेरून पाच वर्षे सगळे गुळगुळीत दिसते, मग एका पावसाळ्यात गिलाव्याची मोठी खपली चिऱ्याच्या कातडीसकट खाली येते आणि बैठकीत लोक म्हणतात, ‘बघा, जुने बांधकाम किती कच्चे होते.’

सिमेंट काढायचे तर हलक्या छिन्नीने, कडेकडेने, आधी बद्द वाजणारा भाग. काढताना चिऱ्याचा पृष्ठभागही सुटून येऊ लागला तर तिथेच थांबा. तेवढा तुकडा राहू द्यावा. हट्टाने काढलेले सिमेंट राहू दिलेल्या सिमेंटपेक्षा जास्त नुकसान करते.

चुन्याचे काम आता कोणाला येत नाही, असे सर्रास ऐकू येते. काम अवघड नाही, वेळखाऊ आहे. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना ताजा हवा. पाण्याच्या हौदात चुना थोडा थोडा सोडायचा. उलटे करून चुन्यावर पाणी ओतू नये, उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. विरलेला चुना बारीक जाळीतून गाळून, वर चार बोटे पाणी राहील असा निदान महिनाभर ठेवावा. तीन महिने ठेवला तर लोण्यासारखा होतो. घाई केली तर न विरलेले खडे गिलाव्यात राहतात, पुढे ओल लागून फुगतात आणि भिंतीवर देवी आल्यासारखे खड्डे पडतात. पिशवीतली विरवलेल्या चुन्याची फक्कीच मिळत असेल तर तिची तारीख बघा. उघडी, जुनी फक्की हवेनेच मेलेली असते. ताजी असली तरी आठवडाभर पाण्यात भिजत ठेवा.

प्रमाण: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. पावसाचा मारा खाणाऱ्या बाहेरच्या भिंतीला एक चुना, एक सुरखी (विटेची पूड), दोन वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची हवी. ती असली की चुना ओलसर हवेतही घट्ट होतो, आणि कोकणात त्याची गरज पडतेच. खाडीची वाळू वापरायची वेळ आली तर गोड्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा, नाहीतर लोणा आपण होऊन भिंतीत भरल्यासारखे होते. शंभर चौरस फूट भिंतीला साधारण अर्ध्या इंचाचा एक थर द्यायला, जांभ्याचा खडबडीतपणा धरून, साधारण पाच घनफूट वाळू आणि पावणेदोन घनफूट चुना लागतो. एक आणि तीन मिळून चार होतात, असा हिशेब इथे करू नये. चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळीत बसतो, त्यामुळे माल वाळूएवढाच भरतो. गूळ, हिरडा आणि बेलफळ भिजवलेले पाणी घालायची जुनी पद्धत आहे. त्याने माल हाताला लुसलुशीत होतो. पण गूळ सढळ हाताने पडला तर गिलावा लवकर धरत नाही.

लावताना आधी चिऱ्यांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, इंचभर खोल मोकळ्या करा, ब्रशने धूळ काढा आणि आदल्या संध्याकाळपासून भिंत भिजवा. कोरडा जांभा गिलाव्यातले पाणी शोषून घेतो आणि मग वाळल्यावर हात फिरवला की वाळू झडते. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर नको. थर अर्धवट घट्ट झाला की बारीक तडे येतील, ते लाकडी थापीने दाबून पुन्हा मिटवायचे. इथेच बहुतेक गवंडी सिमेंटच्या सवयीने निघून जातात. त्यानंतर सात ते दहा दिवस ओली गोणपाटे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगड बनतो आणि हे महिन्याला साधारण मिलिमीटरभर इतक्या संथपणे होते. म्हणून काम दिवाळीनंतर सुरू करून शिमग्याआधी आटपायचे. एप्रिलमध्ये लावलेला चुना जूनमध्ये अंगणात वाहतो आणि नाव चुन्याचे खराब होते.

वरून रंग म्हणून चुन्याचाच हात द्यावा. पण त्याआधी, जुन्या रंगाचा एखादा सुटलेला पोपडा उचला. नखाएवढा पुरे. काठ टॉर्चच्या उजेडात धरा आणि भिंग असेल तर त्यातून बघा. वर हिरवा किंवा गुलाबी ऑइल पेंट, चकाकणारा. त्याखाली डिस्टेंपर. मग निळीचा पांढरा, पिवडी, पुन्हा पांढरा, असे पापुद्रे झाडाच्या वलयांसारखे एकावर एक. आणि अगदी तळाशी कधीकधी विटकरी लाल. हा लाल दिसला की काम थांबवा.

तो कावीचा असू शकतो. कारवार, गोवा आणि सिंधुदुर्गाच्या दक्षिणेकडच्या भागात भिंती सजवायची ही पद्धत होती. पांढऱ्या चुन्याचा गिलावा, त्यावर काव किंवा हिरमजी (लाल माती) मिसळलेल्या चुन्याचा पातळ लाल थर, तो नदीच्या गोट्याने घोटून गुळगुळीत करायचा आणि ओला असतानाच लोखंडी टोकदार हत्याराने खरवडायचा. खरवडले तिथे खालचा पांढरा उघडा पडतो. चित्र रंगवलेले नसते, लाल थर काढून घेतलेला असतो. वर्तुळे, कमळे आणि वेलींच्या मध्यभागी कर्काटकाच्या (कंपासच्या) टोकाचा बारीक खड्डा सापडतो. ओळखायची खूण हीच: नख रेषेवरून फिरवा, रंगवलेली रेषा सपाट लागते, कावीची रेषा खोलगट लागते. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपी धरली तर चुन्याच्या चार-सहा हातांखाली दडलेली कावीसुद्धा सावलीने दिसते. ओल्या थरात मुरलेली असल्यामुळे ती धुऊन जात नाही, पण सॅंडपेपरने एका दुपारी नाहीशी होते. विजयदुर्गाजवळच्या गिर्येच्या रामेश्वर मंदिराच्या भिंतींवरची चित्रे पाहिली म्हणजे अशा पांढऱ्या हातांखाली काय काय असू शकते याची कल्पना येते. वरचे थर स्वतः खरवडू नका. ते भित्तिचित्रांच्या जतनाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचे काम, आणि त्यासाठी पुरातत्त्व विभाग किंवा इंटॅक या वारसा जतन करणाऱ्या संस्थेला विचारता येते. देऊळ आधीच संरक्षित यादीत असेल तर परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकू नये. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या आणखी २०० मीटरवर नियंत्रण आहे.

सभामंडपात या. कशेळीच्या कनकादित्याचे देऊळ शिलाहार राजा भोजाच्या ११९१ च्या ताम्रपटासाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे गेलात तर मान वर करून लाकूडकामही पाहा. असे काम छोट्या गावांतही मिळते: हस्तांवर (खांबावरच्या आधारांवर) पोपट, मोर, तुळईच्या टोकाला व्याल हा काल्पनिक प्राणी, कडीपाटाच्या (लाकडी छताच्या) मध्यभागी कमळ. फणस, साग, ऐन, किंजळ ही इथली लाकडे. ऑइल पेंटचे पाच-सहा हात बसले की पोपटाचा डोळा बुजतो, पाकळ्यांच्या कडा गोल होतात आणि लोक म्हणतात काम ओबडधोबड आहे. पेंट काढायला बर्नर नको, कॉस्टिक सोडा नको, तारेचा ब्रश तर मुळीच नको. सोड्याने लाकडाचे तंतू उभे राहतात आणि कोरीवकाम केसाळ होते. रंग काढायची जेल मागच्या बाजूला चौरस इंचभर लावून बघावी आणि सुटलेला रंग बांबूच्या कामटीने उचलावा. काजूबीचे तेल वाशांना चालते, कोकणातली ती जुनी रीत आहे, पण कोरलेल्या भागाला लावू नये, सगळे काळे पडते.

खांब तळाशी तपासा. मूळचा खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, उभा असतो, म्हणजे लाकूड जमिनीला टेकतच नाही. नवी लादी घालताना उथळा गाडला जातो आणि खांबाचा पाय ओलीत येतो. खिळा तळाशी टोचा: अर्धा इंच सहज गेला तर कूज आहे. म्हणून अख्खा खांब टाकायचा नसतो. कुजलेला भाग कापून त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडता येतो, त्यासाठी वरचा भार टेकूवर घेतला की झाले. होड्या बांधणाऱ्या सुतारांना हे सांधे हातचे असतात. किनाऱ्यावर असे सुतार शोधायला लांब जावे लागत नाही.

छपराखाली पडलेले एखादे मंगलोरी कौल उलटे करा. मागे कारखान्याचे नाव असते. ‘बाझेल मिशन’ आणि १८६५ दिसले म्हणून देवळाचे छप्पर १८६५ चे ठरवू नका. ते साल मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे आहे, कौलाचे नाही. ‘कॉमनवेल्थ ट्रस्ट’ असेल तर कौल पहिल्या महायुद्धानंतरचे, कारण मिशनचे कारखाने तेव्हा त्या कंपनीकडे गेले. मंगलोरी कौलांआधीचे छप्पर नळीच्या कौलांचे किंवा गवताचे. वाशांचा उतार जास्त उभा असेल आणि रिपांसाठीच्या (कौले ज्यांवर टेकतात त्या पट्ट्यांच्या) खुणा दोन वेगवेगळ्या अंतरांवर असतील तर छप्पर एकदा बदललेले आहे.

कौले गळतात ती बहुधा वानरांनी सरकवल्यामुळे आणि दरवर्षीची शाकारणी (कौले नीट लावून घेणे) बंद पडल्यामुळे. चौरस मीटरला पंधरा-सोळा कौले, म्हणजे लाकूड धरून साठ-सत्तर किलोच्या आसपास. त्या जागी पाच इंची स्लॅब घातला तर तीनशे किलोंच्या वर. मातीच्या भरावाची भिंत एवढे पेलत नाही, म्हणून आरसीसी खांब येतात, खांब आले की भिंती नकोशा होतात, आणि ‘फक्त छप्पर बदलूया’ म्हणून सुरू झालेले काम गाभाऱ्याच्या दारापर्यंत पोचते.

शेवटी लेख शोधा. चौकट, उंबरठा, दीपमाळेचा चौथरा, घंटा, नंदीच्या मागची शिळा. अक्षरांत पांढरा रंग किंवा खडू भरू नका. अंधार पडल्यावर टॉर्च चारही बाजूंनी तिरपी धरून चार फोटो काढा, शेजारी टेप ठेवून. जांभ्यावरच्या लेखाचा कागदी ठसा घेऊ नये, ओला कागद सुटताना कणही घेऊन येतो.

शके आणि संवत्सर दोन्ही कोरलेले असतील तर वाचन पडताळता येते. शकात ७८ मिळवा की इसवी सन आला. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर बहुधा ७९. संवत्सरासाठी शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला, पहिल्या प्रभवापासूनचा क्रमांक. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. शके १५९६ घ्या: १६०८ भागिले ६०, बाकी ४८, म्हणजे आनंद, शिवराज्याभिषेकाचे संवत्सर. हिशेब जुळला नाही तर चूक कोरणाऱ्याची धरू नका. आधी आकडा पुन्हा वाचा. जुन्या वळणाचे ५, ६ आणि ९ एकमेकांत सहज मिसळतात, विशेषतः त्यात ऑइल पेंट भरलेला असेल तेव्हा.